माझा खिळा न्हाई

दाढ दुखत होती म्हणून मी कडुलिंबाच्या झाडाला खिळा ठोकून घेतला. मी तेव्हा बी.एस्सी., बी.एड. होते, शाळेत विज्ञान शिकवत होते आणि झाड शाळेच्याच अंगणातलं होतं. त्याच आठवड्यात, त्याच झाडाखाली उभी राहून मी पोरांना अंधश्रद्धेवर पाऊण तास झोडपलं होतं. एक गाल पुरीसारखा फुगलेला. पोरांना वाटलं, मॅडम रागाने फुगल्यात.

हिंगोलीला दातांचे डॉक्टर होते. पण त्यांच्याकडे पकड होती. आमच्या शाळेत रांजण भरणाऱ्या म्हातारीकडे नुसता तीन इंची खिळा आणि एक दगड होता. सकाळी कुणाशी न बोलता यायचं, सुजलेला गाल झाडाला टेकवून उभं राहायचं, म्हातारी खिळा आधी गालाला लावणार आणि मग गाल टेकला होता नेमका तिथेच बुंध्यात ठोकणार, अशी तिची रीत. दुखणं झाडात राहतं आणि माणूस घरी जातो. मी गेले. पदवीचं प्रमाणपत्र घरी पेटीत होतं, गाल झाडाला होता. दोन दिवसांत दाढ थांबली. आत गळू फुटलं असणार. मला हे तेव्हाही ठाऊक होतं, पण खिळ्याला श्रेय न देण्याइतका कृतघ्नपणा माझ्याने झाला नाही.

हा झाला अर्धा मूर्खपणा. उरलेला अर्धा चार वर्षांनी घडला. तो सांगायचा तर आधी त्या माणसाबद्दल सांगायला हवं ज्याच्यासमोर मी तो केला.

त्याला सगळे करवत्या म्हणत. समोर आला की मिस्त्री. राहायचा आखाडा बाळापूरकडे, पण कामाला गोरेगावापर्यंत यायचा. आमची शाळा त्या गोरेगावच्याच बाजूची. आमचा जिल्हा तेव्हा परभणी होता आणि आरागिरण्या मोठ्या गावांतच होत्या. आडगावात झाड पडलं की ओंडका गाडीत घालून न्यायचा खटाटोप कोण करणार? म्हणून हा स्वतःच यायचा, खांद्यावर दीड पुरुष लांबीची करवत घेऊन. मागून त्याची बायको, डोक्यावर दोर, पाचरी, कानशी आणि भाकरी.

पुरुषभर उंचीच्या लाकडी घोड्यांवर ओंडका चढवायचा. वर हा उभा, खाली ती. करवत उभी. वरच्याने ओढायची, खालच्याने ओढायची, सगळा भुस्सा खालचीच्या डोक्यावर. ते एकमेकांना नावाने हाक मारत नसत. "खालचे, जरा जोर!" हा ओरडायचा. "वरचे, जरा धीर!" ती खालून म्हणायची. दुपारी ती बाहेर यायची तेव्हा बेसनात घोळलेल्या भज्यासारखी दिसायची. मी एकदा तिला विचारलं, "तुम्ही कधी वर जात नाही का?" तर म्हणाली, "वरच्याला निस्ती रेघ बघायची असती बाई. खालच्याला वरचा बी बघा लागतो."

मी हे वाक्य महिला दिनाच्या भाषणात वापरलं. माझं म्हणून.

करवत्याला माणसांची नावं लक्षात राहत नसत, किंवा तो ठेवत नसे. माणूस दिसला की त्याचं झाड ठरवायचा. बायकोला बाभूळ म्हणायचा, काटे बाहेर पण गाभा पक्का. आमचे हेडमास्तर निलगिरी. "उंच हाय, सरळ हाय, आन् आसपासचं सगळं पानी एकटंच पिऊन राहिलंय." मी आतल्या खोलीत तोंडाला पदर लावून हसले. मग चपराशाला विचारलं, "आणि मी?" तो सांगेना. शेवटी बोलला, "सुबाभूळ म्हणलेत."

सुबाभूळ तेव्हा सरकार फुकट वाटत होतं. भराभर वाढते, हिरवीगार दिसते, आणि कापली की आत गाभा नाही. तीन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या लक्षातही आलं नाही.

झाड पाडायची त्याची तऱ्हा बघायला गाव लोटायचं. आधी कुऱ्हाडीचा पाठचा भाग बुंध्यावर मारत तो भोवती फिरायचा, डॉक्टर छाती ठोकून बघतात तसा, आणि कान लावायचा. मग झाड ज्या बाजूला पाडायचं तिकडे खोल खाच घ्यायचा, विरुद्ध बाजूने करवत लावायचा आणि मागे पाचर. त्याआधी मात्र शेंडा जिथे पडायचा तिथे जमिनीत एक खुंटी अर्धीच रोवून ठेवायचा. उरलेली अर्धी पडणाऱ्या झाडाने ठोकायची. आमच्या हेडमास्तरांना त्याने खुंटीपासून दोन हातांवर उभं केलं होतं. "हालू नका साहेब, तुमाला काय होत न्हाई." साहेब हालले नाहीत. झाड आलं, खुंटी जमिनीत गेली, साहेबांच्या पायजम्याला पालासुद्धा लागला नाही. ते पांढरेफटक झाले होते, पण पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट ते आपल्या धैर्याची म्हणून सांगत राहिले.

अंधाऱ्या पंधरवड्यातच झाड तोडायचं, नाहीतर लाकडाला भुंगा लागतो, हा त्याचा नेम. मी त्याला चंद्र, भरती-ओहोटी आणि रससंचलन समजावलं. फळ्यावर आकृती काढली. त्याने ती मन लावून बघितली आणि म्हणाला, "चांगली काढली. पर अमावस्येलाच येतो."

फळ्या कमी भरल्या म्हणून एका शेतकऱ्याने त्याच्यावर चोरीचा आळ घेतला होता. ओंडका बारा इंचाचा, तर इंचाच्या बारा फळ्या निघाल्या पाहिजेत, असा त्या भल्या माणसाचा हिशेब. निघाल्या दहा. करवत्याने घोड्यांखालचा भुस्सा गोळा केला, पोत्यात भरला आणि त्याच्या ओसरीवर नेऊन आपटला. "ह्या तुमच्या दोन फळ्या. करवत बी जेवते मालक. उपाशी कापायला ती काय तुमची सून हाय?" सून आत चुलीपाशी होती. ती मोठ्याने हसली, आणि म्हणतात की त्या घरात ते पहिल्यांदाच घडलं.

पुढे नव्या शतकात मोठ्या गावांत नव्या गिरण्या आल्या, पट्टीच्या, विजेच्या. त्याचं काम आटत गेलं. तरी तो वारंगा फाट्याला कानस आणायला गेला की वाटेतल्या गिरणीपाशी मुद्दाम बसायचा. आत पातं तुटल्याचा आवाज आला की मांडीवर थाप मारायचा. "मशीन कुणाला इचारत न्हाई ना," म्हणायचा, "म्हणून तुटती."

तो विचारायचा. हीच त्याची खरी तऱ्हा, आणि इथेच मी सापडले.

कुठल्याही झाडाच्या फळ्या पाडण्याआधी तो घरातल्या एकेका माणसाला पुढे बोलवायचा. त्या माणसाने झाडाला हात लावायचा आणि म्हणायचं, "माझा खिळा न्हाई." असेल तर कुठे आहे ते दाखवायचं. झाड दोन-चार वर्षांत खोल ठोकलेला खिळा गिळून टाकतं, वरून साल येते, बाहेरून पत्ता लागत नाही. आणि करवतीचा दात खिळ्यावर गेला की गेला. एक दात तुटला तर सगळे दात त्याच्या पातळीला घासून आणावे लागतात, मग नव्याने पाडायचे, एक डावीकडे एक उजवीकडे वाकवायचे. दर वेळी करवत अर्ध्या बोटाने अरुंद होते. त्याची करवत आजोबांच्या काळातली, निजामाच्या राज्यातल्या पोलादाची. घासून घासून चार बोटं उरली होती. "आनखी एक बार घासली तर निस्ती पट्टी राहील," तो म्हणायचा, "लाकडात शिरली की दारू प्यालेल्यावानी चालंल." दुसरी करवत त्याच्याकडे नव्हती.

आमच्या शाळेचा लिंब वादळात वर्गाच्या पत्र्यावर कलला, मुळं वर आली. रीतसर परवानगी निघाली. आठवीच्या पोरी जमिनीवर बसत होत्या. त्यांना ह्या लाकडाचे बाक करायचे ठरले. करवत्याने झाड पाडलं, खुंटी ठोकली, ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना भेगा पडू नयेत म्हणून शेणमाती लिंपली आणि मग सगळ्या शाळेला रांगेत उभं केलं.

काय काय निघालं! हेडमास्तरांनी सूचनाफलकाचा खिळा कबूल केला. चपराशाने कपडे वाळवायचे तीन. सातवीच्या पोरांनी झोक्याची तार. सगळे हसत होते, तो एकेक उपटून टोपीत टाकत होता. म्हातारी आली, ओंडक्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझा न्हाई."

मग मी. समोर माझे विद्यार्थी. मी हात ठेवला आणि म्हटलं, "मी विज्ञान शिकवते मिस्त्री. माझा खिळा कसा असेल?"

"खिळ्याला कुठं शाळा असती मॅडम," तो म्हणाला. "आमी इचारलं तेवढं सांगा."

"माझा खिळा नाही."

ते वाक्य मी इतक्या स्वच्छ उच्चारात म्हटलं की हेडमास्तरांनी मान डोलावली.

त्याने गेरूत भिजवलेला दोरा ताणून सोडला, लाकडावर सरळ लाल रेघ उठली, करवत लागली. पहिली फळी निघाली. दुसरी निघाली. मी वर्गात दातांची रचना शिकवत होते. विनोद करत नाही, खरंच तोच धडा होता. तिसऱ्या फळीला करवत किर्र झाली आणि खण्ण असा आवाज आला. मग काहीच आवाज नाही.

आम्ही बाहेर आलो तेव्हा तो ओंडक्यावर बसला होता आणि करवतीवरून बोट फिरवत होता. लहान लेकराच्या तोंडात बोट घालून बघतात तसं. तीन दात गेले होते. खालची भुश्शातून बाहेर आली, बघितलं, आणि एवढंच म्हणाली, "झालं मंग."

हेडमास्तर खवळले. खिळे ठोकण्याचा धंदा म्हातारीचा आहे हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यांनी तिला पुढे ओढलं. "खोटं बोललीस?"

"न्हाई साहेब. ठोकला म्या. पर माझा न्हाई. ज्याची दाढ त्याचा खिळा."

"मग कुणाची दाढ?"

"ते सांगत न्हाईत."

"काहून?"

"नाव घेतलं की दुखनं माघारी जातं त्याच्याकडं. मंग त्यानं काय करावं?"

हेडमास्तर म्हणाले, "नाव सांग, नाहीतर उद्यापासून रांजण भरायला यायचं नाही. मी दुसरी बाई बघतो." त्या कामावर तिची चूल पेटत होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि गप्प राहिली. माझी दाढ पुन्हा दुखू नये म्हणून.

मी काय केलं? मी शेजारी उभी होते. हातात दाताचा तक्ता होता. तो मी गुंडाळला.

करवत्या खाली उतरला. "तिला काहून तरास देता साहेब? खिळाच सांगतो कुणाचा हाय ते." गाल टेकून ठोकायची रीत त्यालाही माहीत होती. जमिनीत राहिलेलं गुडघाभर खोड त्याने दोऱ्याने मोजलं, त्यापुढे ओंडक्याच्या तोंडापासून खिळ्यापर्यंत मोजलं, गाठ मारली. "ह्या गाठीवर ज्याचा गाल येईल, त्याचा खिळा. चला."

आता माझ्या तोंडून जे निघालं ते आठवलं की आजही मी एकटी असताना हसते. मी पुढे होऊन म्हणाले, "थांबा. हे मोजमाप शास्त्रीय नाही. खिळा ठोकला तेव्हा झाड लहान होतं. झाड वाढलं तसा खिळाही वर सरकला. म्हणजे ठोकून घेणारा बुटका असणार. एखादं पोरगं असेल."

करवत्याने माझ्याकडे असं बघितलं जसं तो पोकळ ओंडक्याकडे बघायचा.

"मॅडम, झाड शेंड्याला वाढतं. बुंधा निस्ता जाड होतो. खिळा जिथल्या तिथं राहतो. माज्या बापानं पोरपनी आंब्यावर नाव कोरलं, ते म्या त्याच्या तेराव्यानंतर कापलं. त्याच्या बेंबीएवढंच उंच व्हतं."

आणि खिडकीतून आठवीतली एक पोरगी, अतिशय हुशार, मला फार आवडायची, म्हणाली, "मॅडम, तुम्हीच शिकवलं होतं. वाढ टोकाला होते."

त्याने हेडमास्तरांना मोजलं. गाठ छातीच्या खिशावर. चपराशी, गळ्यावर. म्हातारी वाकलेली, गाठ तिच्या डोक्यावरून गेली. मग तो माझ्यासमोर आला. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि ताणलं. गाठ माझ्या उजव्या जबड्यावर येऊन टेकली, बरोबर जिथे दाढ होती तिथे. गेरूचा लाल ठिपका उमटला.

"योगायोग असेल," हेडमास्तर पुटपुटले.

"म्हशीची व्हती," म्हातारी घाईने म्हणाली. "दाढ. आता आठवलं मला. म्हशीची व्हती."

"म्हैस मागच्या दोन पायांवर उभी राहिली का गं?" खालचीने विचारलं.

सगळी शाळा हसली. त्या हसण्याचा आधार घेऊन मी म्हटलं, "माझी होती. दाढ माझी, खिळा माझा. हिला कामावरून काढू नका." आवाज अजिबात स्वच्छ नव्हता. हेडमास्तरांनी घसा साफ केला आणि मधली सुट्टी झाली असं जाहीर केलं. मधली सुट्टी होऊन गेली होती. तरीही पोरं पळाली.

म्हातारीचं काम राहिलं. मला पुढे बदली होईपर्यंत पोरं खिळेबाई म्हणत, आणि त्या हुशार पोरीला मी त्या वर्षी प्रयोगवहीत एक गुण कमी दिला. एवढी मी मोठ्या मनाची होते.

करवत्याने मला शिक्षा सांगितली. नुकसानभरपाई देऊ केली तर त्याने ऐकून घेतलं नाही. म्हणाला, "शाळा सुटली की यायचं आन् करवत धरून बसायचं." आठ दिवस मी देवळाच्या ओट्यावर बसून दोन फळ्यांत दाबलेली ती करवत गुडघ्यांत धरली आणि तो कानस चालवत राहिला. कर्र, कर्र. ज्याने तो आवाज हातभरावरून ऐकलाय त्यालाच कळेल. माझे बत्तीसच्या बत्तीस दात शिवशिवत होते. कुणी बोलायचं नाही असा त्याचा दंडक. येणारेजाणारे थांबून बघत. चार बोटांची साडेतीन बोटं झाली. तरी त्याच करवतीने त्याने बाकांच्या फळ्या कापून दिल्या. सरळ नव्हत्या. दर बाकाला जराशी लहर होती, आणि पोरींनी त्यावर पेन्सिली ठेवल्या की त्या घरंगळायच्या.

आठव्या दिवशी शेवटचा दात वाकवून झाला. त्याने कानस पुसली. मला वाटलं, आता हा काहीतरी जहाल बोलणार, आणि ते ऐकून घ्यायची मी तयारीही केली होती. म्हटलं, "मिस्त्री, माझ्यामुळे तुमची करवत गेली."

तो इकडेतिकडे बघत जरा जवळ सरकला.

"ते जाऊ द्या. एक खरं सांगा. दाढ दुखायची राहिली व्हती का?"

मी विज्ञान शिकवत होते. मी फळ्यावर आकृती काढणारी बाई होते. मी म्हटलं, "दोन दिवसांत."

त्याने डाव्या गालावर हात ठेवला.

"मंग म्हातारीला म्हणा, मला बी एक ठोकून दे. आठ दिस झाले, निस्ती ठणकून राहिली. पर झाड औंढ्याच्या बाजूचं बघा मॅडम, तिकडं म्या करवत घेऊन जात न्हाई."